पॉइंट तीनचा पत्रा आणि लेझरचे टाके : निकेल मिश्रधातूचं पल्स वेल्डिंग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टिगवर, म्हणजे आर्कने जोडायच्या नेहमीच्या वेल्डिंगवर, हात बसलेला वेल्डर पहिल्यांदा पॉइंट तीनचा, म्हणजे ०.३ मिलिमीटरचा, निकेल मिश्रधातूचा पत्रा जोडायला घेतो तेव्हा बहुतेक वेळा एकच होतं. आर्क लागते, कड मागे पळते आणि जिथे जोड हवा होता तिथे भोक उरतं. करंट कमी केला की आर्क भटकते, वाढवला की भोक मोठं होतं. यात वेल्डरचा हात कच्चा असतो असं नाही. एवढ्या पातळ पत्र्याला साध्या टिगची सलग उष्णता सोसतच नाही.

अशा कामाला पल्स लेझर लागतो. तो काय करतो हे आमच्या सोलापुरात समजावणं सोपं आहे, कारण युनिफॉर्म शिवणारा एखादा कारखाना आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. शर्टाची शिलाई दुरून सलग रेघ दिसते, जवळून पाहिली की एकेक टाका दिसतो. पल्स लेझरचा जोड तसाच असतो. एक पल्स, किरणाचा एक झटका, म्हणजे एक टाका. धातूचा बारीक ठिपका वितळतो, काही मिलिसेकंदांत गोठतो, पुढचा ठिपका त्याच्यावर अर्ध्याहून जास्त चढून बसतो. दोन टाक्यांच्या मधल्या वेळात पत्रा निवतो. टाका किती खोल जातो, दोन टाक्यांत अंतर किती आणि पत्रा किती वेगाने सरकतो, या तीन गोष्टी कळल्या की मशीनच्या पॅनलवरचे बहुतेक आकडे कळतात.

नवीन माणूस मशीनपाशी येतो तो पहिला प्रश्न विचारतो, “किती जूलवर ठेवू?”, म्हणजे एका पल्सला किती ऊर्जा. माझ्या हिशोबात हा प्रश्न सातवा आहे. आधीचे सहा नीट सुटले तर सातव्याला अर्धा तास पुरतो. ते सोडले तर आठवडाभर आकडे फिरवत बसलात तरी जोड फुटत राहतो.

मशीनबद्दल थोडं. हल्ली ग्रिल आणि फर्निचरच्या दुकानांत हातात धरायचे फायबर लेझर दिसतात. ते बहुधा सलग किरणाचे, हजार-दीड हजार वॅटचे असतात. दीड मिलिमीटरच्या स्टीलला उत्तम, आपल्या पत्र्याला जड. आपल्याला हवा तो दिव्यावर चालणारा पल्स एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाचा) लेझर किंवा पल्समध्ये चालणारा क्यूसीडब्ल्यू फायबर लेझर. दागिने दुरुस्तीसाठी सराफांकडे जे छोटं लेझरचं खोकं असतं, आत हात घालून सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि पायाने पेडल दाबायचं, तेही एनडी-यागच. शिकायला ते फार चांगलं, कारण टाका डोळ्यासमोर मोठा दिसतो. आपल्या देशात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने असे पल्स एनडी-याग लेझर स्वतः घडवले आहेत आणि ते अणुवीज केंद्रांतल्या कापणी-जोडणीसाठी वापरले गेले आहेत. तेव्हा हे तंत्र परदेशी कॅटलॉगातच राहिलेलं नाही.

पायरी पहिली : डोळे

या लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, फायबरची १०७० च्या आसपास. हा प्रकाश दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग त्याला गोळा करून थेट पडद्यावर टाकतं. तिथे झालेली जखम भरून येत नाही. टिगची काच किंवा गॅस कटिंगचा काळा चष्मा इथे चालत नाही. चष्म्यावर १०६४ हा आकडा आणि ओडी (काच किरण किती अडवते त्याचं माप) ६ किंवा ७ असं स्पष्ट छापलेलं हवं. बंद खोक्याचं मशीन असेल तर दाराचा इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारी कळ) कधीही पिन अडकवून बायपास करू नका. उघडं मशीन असेल तर भोवती पडदा हवा, आणि खोलीत असलेल्या प्रत्येकाला चष्मा हवा, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालासुद्धा. निकेलचा घासलेला पत्रा आरशासारखा असतो, किरण कुठे उडेल सांगता येत नाही.

धूरही साधा नाही. त्यात निकेल आणि क्रोमियमची संयुगं असतात आणि निकेलची संयुगं कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत. ठिपका बारीक म्हणून धूर थोडाच दिसतो, पण वेल्डपासून वीतभर अंतरावर सक्शनचं तोंड हवंच. दिव्याच्या मशीनच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेले राहतात. ते कपाट उघडायचं काम सर्व्हिसवाल्याचं.

पायरी दुसरी : पत्रा ओळखा

“निकेलचा पत्रा” या नावाखाली फार वेगवेगळी माणसं नांदतात. निकेल २०० आणि २०१ जवळजवळ शुद्ध, ९९ टक्के निकेल. बॅटरी पॅकच्या पट्ट्या या जातीच्या. मोनेल ४०० मध्ये साधारण दोन भाग निकेल, एक भाग तांबं. प्रेशर गेजच्या डायफ्रामला वापरतात. इन्कोनेल ६०० तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या नळीला, साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्यांनी ती पाहिलेली असते. इन्कोनेल ६२५ बेलोजला, म्हणजे भात्यासारख्या लवचीक नळीला. हॅस्टेलॉय सी-२७६ मॅग्नेटिक पंपाच्या पातळ डब्याला, जिथे आम्ल आत आणि चुंबक बाहेर असतं. इन्कोनेल ७१८ मुख्यतः विमानाच्या इंजिनाकडचं.

हे सगळे दिसायला सारखे, वागायला नाही. ६२५ उष्णता फार हळू वाहतो, मीटर-केल्विनमागे सुमारे १० वॅट. शुद्ध निकेल त्याच्या सातपट, ७० च्या आसपास. म्हणजे ६२५ वर बसवलेले आकडे निकेल २०० वर लावले तर टाका वरच्यावर राहील. उलट केलं तर भोक. ७१८ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास नायोबियम असतं, ते गोठताना कडेकडेला साचतं आणि टाक्याशेजारी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पाडतं. नवशिक्याने ७१८ ला हात लावू नये. लावावाच लागला तर मऊ केलेल्या अवस्थेत जोडावा, कडक करण्याची उष्णता-प्रक्रिया नंतर.

मुंबईत खेतवाडी, सी. पी. टँक भागातून माल आणत असाल तर टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (धातूच्या वितळणीचा क्रमांक) मागून घ्या. वर एकदा क्ष-किरणांच्या एक्सआरएफ गनने पीएमआय तपासणी, म्हणजे धातूच्या जातीची खात्री, करून घेतली तर उत्तम. उरलेले तुकडे एकाच डब्यात टाकायची सवय मोडा. महिन्याभराने ते कुठल्या जातीचे हे कुणीच सांगू शकत नाही. सरावासाठी माझी शिफारस ६२५ ची, ०.३ मिमी जाडीची. तो सहनशील आहे.

पायरी तिसरी : कड

या वेल्डिंगमध्ये फिलर वायर, म्हणजे वरून वितळवून घालायची तार, नाही. जो पत्रा आहे त्यालाच वितळवून जोडायचं. ०.३ मिमी जाडीत अर्धा मिलिमीटर व्यासाचा ठिपका आरपार वितळला तर तो सगळा धातू अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. दोन कडांच्या मधली फट भरायला तुमच्याकडे एवढंच सामान असतं. म्हणून नियम असा की फट जाडीच्या दहाव्या भागाहून जास्त नको. आपल्या पत्र्याला ०.०३ मिमी, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. फट मोजायच्या फिलर गेजची ०.०५ ची पात शिरली तर तो जोड नापास, पुन्हा कड करा. दोन्ही पत्र्यांची पातळीही तेवढीच जुळायला हवी.

शिअरवर (पत्रा कापायच्या यंत्रावर) कापलेल्या कडेला एका बाजूला बर, म्हणजे वर आलेली धारदार कोर, असतो आणि दुसऱ्या बाजूला कड गोलसर दबलेली. दोन अशा कडा समोरासमोर आणल्या की फट दिसत नाही, पण वरच्या अंगाला घळ पडलेली असते. आम्ही पट्ट्यांची थप्पी करतो, दोन्ही बाजूंना जाड पट्टी देऊन व्हाइसमध्ये आवळतो आणि सगळ्या कडा एकत्र सरफेस ग्राइंडरवर घेतो. ग्राइंडर नसेल तर बारीक कानस, नंतर सपाट ठोकळ्यावर एमरी पेपर. वायरकटची (तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्राची) कड सुंदर दिसते म्हणून तशीच वापरावीशी वाटते. ती फसवी असते. पितळेच्या तारेतलं तांबं आणि जस्त तिच्यावर बसलेलं असतं. तीही एमरीने खरवडून मगच वापरायची.

पायरी चौथी : सफाई

इथे मी थांबणार आहे थोडा जास्त वेळ, कारण माझा स्वतःचा सगळ्यात महागडा धडा इथला.

निकेलचं गंधकाशी वैर आहे. निकेल आणि निकेल सल्फाइड मिळून जे मिश्रण होतं ते ६४० अंशांच्या आसपासच वितळतं, तर आपला ६२५ गोठतो १३०० च्या आसपास. म्हणजे जोड वरून घट्ट झालेला असतो, पण कणांच्या सीमांवर गंधकाचा पातळ द्रव थर अजून तसाच असतो. पत्रा निवताना आकसतो, ओढतो, आणि त्या ओल्या सीमेवरून जोड उघडतो. शिसं, फॉस्फरस आणि जस्तही अशीच खोडी काढतात.

सुरुवातीच्या काळात आमच्या शेडमध्ये पत्रा पुसायला पॉवरलूमचं वेस्ट वापरायचो. सोलापुरात ते पोत्याने आणि स्वस्त मिळतं, हात पुसायला, मशीन पुसायला सगळीकडे तेच. ॲसिटोनमध्ये बुडवून पुसलं की झालं, अशी समजूत. बारा तुकडे जोडले, वरून चांदीसारखे. डीपी टेस्टमध्ये (भेगेत लाल रंग मुरवून ती दाखवणारी चाचणी) सात तुकड्यांत मधोमध लाल रेघ. मी जूल बदलले, वेग बदलला, गॅस बदलला. तीन दिवस गेले. शेवटी एका जुन्या फिटरने पोत्यातली चिंधी नाकाला लावली आणि म्हणाला, “अहो, ही मागावरची आहे, हिच्यात तेल आहे.” आम्ही तेल काढत नव्हतो, ॲसिटोनमध्ये विरघळवून पत्राभर पसरवत होतो. चिंधी बदलली, आकडे पहिलेच ठेवले, रेघा गेल्या.

तेव्हापासूनचा क्रम असा. आधी तंतू न सुटणाऱ्या कापडाने किंवा टिश्यूने ॲसिटोनची पहिली पुसणी, एक कापड एकदाच. मग जोडाच्या दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर पट्टा, वरून आणि खालून, ४०० किंवा ६०० च्या नव्या एमरीने घासायचा. हे गरजेचं आहे कारण निकेल १४५५ अंशांवर वितळतं, पण त्याचा ऑक्साइड दोन हजारांच्या आसपासपर्यंत वितळत नाही. तो पोपड्यासारखा टाक्यात अडकून बसतो. तारेचा ब्रश ऑक्साइड काढत नाही, चकाकी आणतो फक्त. घासून झाल्यावर पुन्हा ॲसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कारण एमरीचा डिंक आणि भुकटी मागे राहते. यानंतर पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. उघडं बोट लागलं तर घाम लागला, पुन्हा पुसा. जोडाजवळ मार्कर पेनने नंबर लिहू नका, नंबर दुसऱ्या टोकाला कोरा. घासलेला पत्रा त्याच पाळीत वापरून संपवा.

लोखंडाला वापरलेला ग्राइंडिंग व्हील, ब्रश, कानस निकेलला नाही. निकेलचा वेगळा डबा, त्यावर वेगळा रंग. ॲसिटोनची बाटली लेझरच्या खोलीबाहेर.

पायरी पाचवी : आवळणी

पत्रा खाली तांब्याच्या पट्टीवर, वरून दोन तांब्याच्या जबड्यांनी आवळायचा. जबड्याची कड जोडापासून दोन-तीन मिलिमीटरवर. लांब ठेवली तर पत्रा मधे ढोलकीसारखा फुगतो, फार जवळ आणली तर तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. खालच्या पट्टीत जोडाच्या बरोबर खाली दीड-दोन मिलिमीटर रुंद खाच हवी, एक मिलिमीटर खोल, म्हणजे आरपार गेलेला टाका तांब्याला चिकटत नाही आणि तिथून गॅसही सोडता येतो.

आवळून झाल्यावर खाचेतून मोबाइलचा टॉर्च मारा आणि वरून भिंगातून बघा. उजेडाची सलग रेघ दिसली तर उघडा. कुठे कुठे ठिपका दिसला तर चालेल. फिक्श्चरवर खर्च करायला लोक का कू करतात हे मला कळत नाही. लाखांचं मशीन घेतात आणि पत्रा सी-क्लॅम्पने धरतात.

पायरी सहावी : ॲर्गॉन

९९.९९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध ॲर्गॉन, वरून मिनिटाला ८ ते १२ लिटर, जरा तिरक्या रुंद नोझलमधून. जास्त सोडला म्हणजे जास्त संरक्षण असं नाही. प्रवाह खवळतो आणि शेजारची हवा ओढून आणतो. खालून खाचेत दोन-तीन लिटर पुरतो, पण तो वेल्डच्या अर्धा मिनिट आधी सुरू करायचा, आतली हवा बाहेर जायला वेळ लागतो. नायट्रोजन स्वस्त आहे म्हणून वापरू नका, निकेलमध्ये तो सूक्ष्म बुडबुडे सोडतो. पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करायला सांगणं म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे, पण निदान टाके पडत असताना तरी.

टाक्यांचा रंग तुमचा गॅस कसा आहे ते सांगतो. चांदी किंवा फिकट गवती रंग उत्तम. निळा म्हणजे काठावर. काळा-करडा म्हणजे गॅस पोचलाच नाही. पाठीमागची बाजूही पाहा, बऱ्याचदा वर चांदी आणि खाली काजळी असते.

मधेच एक सोलापुरी प्रकरण : पाणी, ऊन आणि तंतू

दिव्याचा लेझर घेतलेल्या विजेतला अगदी थोडा भाग किरण म्हणून देतो, बाकी सगळी उष्णता चिलरच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात जाते. त्या पाण्यात बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं तर क्षार बसतात, प्रवाह अडतो आणि दिवा जातो. कंपनीने सांगितलेलं डीएम (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. बॅटरीवाल्याकडचं “डिस्टिल्ड” कॅन घेतलं तर आधी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून पाहा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला चिलर स्वतःचीच गरम हवा पुन्हा पितो आणि दुपारी दोनला ट्रिप होतो. तो मोकळ्या हवेला ठेवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारी टॉवेलचे माग असतील तर चिलरच्या जाळीवर आठवड्यात कापसाची गोधडी तयार होते, दर सोमवारी ब्रशने काढा. तोच तंतू लेझरच्या संरक्षक काचेवर बसला तर पहिल्याच पल्सला जळतो आणि काचेवर डाग पडतो. डाग पडलेली काच ऊर्जा खाते, तापते, आणि तुम्ही समजता की आकडे चुकले. रोज सकाळी काच काढून उजेडात बघायची.

पावसाळ्यात उलटा धोका. जुलैत शेडमध्ये २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडतं. चिलर २२ वर ठेवलेला असेल तर आतल्या आरशांवर दव. मशीनच्या मर्यादेत राहून चिलर २६-२७ वर घ्या.

पायरी सातवी : आता जूल

चार आकडे लक्षात घ्या. पल्सची ऊर्जा जूलमध्ये. पल्सचा कालावधी मिलिसेकंदात. सेकंदाला किती पल्स, ते हर्ट्झ. आणि स्पॉटचा, म्हणजे किरणाच्या ठिपक्याचा, व्यास. ऊर्जेला कालावधीने भागलं की शिखर शक्ती मिळते, ऊर्जेला हर्ट्झने गुणलं की सरासरी शक्ती.

२ जूल, ४ मिलिसेकंद : शिखर ५०० वॅट. स्पॉट ०.४ मिमीचा असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ लाख वॅट. दहा लाखांच्या आसपास गेलं की धातू नुसता वितळत नाही, उकळतो, खोल विवर तयार होतं. पातळ पत्र्याला ते नको. आता तेच २ जूल १ मिलिसेकंदात कोंबले तर शिखर २००० वॅट, चौरस सेंटिमीटरला १६ लाख, आणि पत्र्यात सुईचं भोक. ऊर्जा तीच, वेळ वेगळा, निकाल उलटा. शिकणाऱ्याने हा प्रयोग मुद्दाम एकदा करून बघावा.

पॅनलवरचे जूल आणि पत्र्यावर पोचलेले जूल सारखे नसतात. दिवा जुना होतो, काच मळते. एनर्जी मीटर असेल तर नोझलखाली मोजा. माझे आकडे तुमच्या मशीनवर जसेच्या तसे लागणार नाहीत, पद्धत मात्र लागेल.

फोकस आधी. थर्मल कागदाचा तुकडा (बिलाचा चालतो) ठेवून अगदी कमी ऊर्जेने, डोकं अर्ध्या मिलिमीटरने वर-खाली करत ठिपके मारा. सगळ्यात लहान ठिपका तो फोकस. सूक्ष्मदर्शकाच्या मशीनवर तुमच्या डोळ्याचा फोकस आणि लेझरचा फोकस जुळवून घ्यायचा असतो, चष्म्याचा नंबर असलेल्यांनी खास करून.

मग टाकाऊ पत्र्यावर, त्याच जाडीच्या, तसाच आवळून, गॅस सोडून, एकेक सुटे टाके. कालावधी ४ मिलिसेकंद कायम ठेवा. १ जूलपासून सुरू करा आणि ०.२ ने चढा, प्रत्येक पायरीला पाच टाके. पत्रा उलटा करून पाठ बघा. आधी काहीच दिसणार नाही, मग रंगाची छटा, मग बारीक ठिपका, मग वितळलेला गोल, शेवटी भोक. पाचही टाक्यांत पाठीवर वितळलेला गोल जिथे पहिल्यांदा येतो तो आकडा वहीत लिहा आणि त्यात दहा टक्के मिळवा. माझ्याकडे ०.३ च्या ६२५ ला तो दीड ते दोन जूलच्या मधे येतो.

आता टाक्यांचं अंतर. भिंगातून टाक्याचा वरचा व्यास मोजा, पाठीवरचाही मोजा. समजा वर ०.५ मिमी, खाली ०.३. टाक्यांतलं अंतर ०.१२५ ठेवलं तर वर ७५ टक्के टाका टाक्यावर चढतो. खाली मात्र ५८ टक्केच. लोक वरचाच हिशोब करतात आणि खालून जोड करवतीच्या दात्यांसारखा राहतो. खालचा निम्म्याहून जास्त चढतोय ना, हे बघून अंतर ठरवा. १० हर्ट्झला ०.१२५ चं अंतर म्हणजे टेबल सेकंदाला १.२५ मिलिमीटर सरकायला हवं. १०० मिलिमीटरचा जोड ८० सेकंदांत, ८०० टाक्यांत. सरासरी शक्ती फक्त २० वॅट, घरातल्या जुन्या ट्यूबलाइटहून कमी, म्हणून तर पत्रा हाताला कोमटच लागतो.

मशीनवर पल्सचा आकार बदलता येत असेल तर शेवटच्या एक-दोन मिलिसेकंदांत शक्ती उतरती करा. टाका हळू गोठतो, भेग पडायची शक्यता कमी होते. पत्रा आधी तापवायची गरज नाही, निकेलला ते उलट नको असतं.

पायरी आठवी : टॅक आणि जोड

टॅक, म्हणजे पत्रे जागच्या जागी धरणारे सुटे टाके, न मारता एका टोकाकडून सुरू केलं तर पुढची फट कात्रीसारखी उघडत किंवा एकमेकांवर चढत जाते. आधी मधोमध एक टॅक, मग दोन टोकांना, मग प्रत्येक उरलेल्या भागाच्या मध्यावर, असं पाच-सात मिलिमीटरवर येईपर्यंत. टॅकची ऊर्जा मुख्य टाक्याच्या दोन-तृतीयांश. टॅकलाही ॲर्गॉन हवाच, काळा टॅक म्हणजे जोडात मुद्दाम पेरलेला ऑक्साइड.

दोन्ही टोकांना त्याच पत्र्याचे पाच मिलिमीटरचे तुकडे लावा. सुरुवात आणि शेवट त्या तुकड्यांवर होऊ द्या, मग ते कापून टाका. जोड चालू असताना टाक्यांचा आवाज ऐका. चांगला जोड एकसारखा टिक-टिक वाजतो. मधेच कडक फट् असा आवाज आला तर तिथे फट, घाण किंवा स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) आहे, थांबा आणि बघा. पूर्ण झालेला जोड कौलारू छपरासारखा दिसायला हवा, कौलावर कौल, सगळी एका ओळीत.

पायरी नववी : तपासणी

दहापट भिंगातून वरून आणि खालून. मग वाकवणी : जोड मधोमध आडवा येईल अशी पंधरा मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा आणि तीन मिलिमीटरच्या पिनवर दुहेरी वाकवा, एकदा वरची बाजू बाहेर, एकदा खालची. न उघडता वाकली तर शाबास. मग डीपी टेस्ट, किट गंधक आणि क्लोरिन कमी असलेलं. शेवटी एक तुकडा आडवा कापून, बेकेलाइटमध्ये बसवून, पॉलिश करून, ऑक्झॅलिक आम्लात विजेने एच करून (पृष्ठभाग हलका कोरून) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. ही सोय शेडमध्ये नसते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा किंवा पुण्याला भोसरीला पाठवा. पहिल्या वीस तुकड्यांतले निदान तीन तरी असे कापून बघावेत, कारण वरून चांदीसारखा दिसणारा जोड आतून निम्मा असू शकतो.

काय बिघडलं की कुठे बघायचं : मधोमध लांब भेग असेल तर आधी सफाई, मग पल्सचा उतार. जोड वरून खड्ड्यासारखा बसला असेल तर फट. ओळीत एखादंच भोक असेल तर तिथे बर किंवा टॅक काळा. सगळीकडे हळूहळू टाका उथळ होत गेला असेल तर काच, आणि काच स्वच्छ असेल तर दिवा.

सरळ जोड दहापैकी दहा जमायला लागला की लोकांना बेलोजचा किंवा नळीचा गोल जोड करायचा असतो. त्यात एकच नवी गोष्ट आहे. गोल जोडाला टोकं नसतात, त्यामुळे तुकडे लावता येत नाहीत. फिरकी पूर्ण झाल्यावर सुरुवातीच्या टाक्यांवर तीन-चार मिलिमीटर पुढे जा आणि त्या शेवटच्या पंचवीस-तीस टाक्यांत ऊर्जा पायरीपायरीने शून्याकडे आणा. एकदम थांबलात तर शेवटच्या टाक्याच्या पोटात चांदणीसारखी भेग राहते, आणि हेलियम लीक टेस्टला काटा नेमका तिथेच हलतो.